काचा उतरवायचा दिवस

कॅप्टन जेबेझ ट्रेव्हॉरो यांनी पोर्ट मेरिडन गावाचं समुद्राच्या बाजूने चौतीस वर्षं रक्षण केलं, आणि या चौतीस वर्षांत शत्रूचं एकही जहाज बंदरात शिरू शकलं नाही. शत्रूचं एकही जहाज बंदराकडे फिरकलंच नव्हतं, ही गोष्ट वेगळी. पोर्ट मेरिडन नावाचं काही या पृथ्वीवर आहे हे रशियन आरमाराला ठाऊक असल्याचा पुरावा आजवर कुणाला सापडलेला नाही. पण कॅप्टनचं म्हणणं असं, की दारात कुत्रं बसलेलं असलं की चोर येत नाही, आणि चोर येत नाही म्हणून कुत्र्याला कुणी हाकलून देत नाही.

देवमाशांच्या शिकाऱ्यांबरोबर ते या किनाऱ्यावर उतरले तेव्हा इथे सात झोपड्या होत्या. म्हणजे गोऱ्यांच्या सात. त्याआधीपासून जे राहत होते त्यांना कुणी मोजलं नव्हतं, आणि विचारलं तर मुळीच नव्हतं. तेलाची पिंपं बांधणं हा कॅप्टनचा धंदा. पुढे देवमासे संपले, शिकारी गेले, पण पिंपवाला राहिला, आणि राहिलेल्या माणसाला गाव काही ना काही करायला लावतंच. रस्ता, विहीर, धक्का, दफनभूमी, शाळा, गावात जे जे पहिलं झालं त्याच्या पायाच्या दगडावर त्यांचं नाव आहे. अपवाद फक्त हॉटेलचा, कारण तिथे दारू मिळे आणि ट्रेव्हॉरो मंडळी कट्टर मेथडिस्ट पंथाची. तीनदा ते नगराध्यक्ष झाले, त्यातल्या दोनदा दुसरं कुणी उभं राहिलं नव्हतं म्हणून.

रशियन येणार अशी आवई उठली तेव्हा वसाहतीच्या सरकारने किनाऱ्यावरच्या गावांना एकेक तोफ दिली. तोफ सरकारची, जागा गावाची असा करार होता, तोफवाले गावातलेच स्वयंसेवक आणि त्यांचे कॅप्टन झाले ट्रेव्हॉरो. गावाने अर्थातच फुकटातली जागा दिली. चॅपेलच्या मागची ती टेकडी, जिच्यावर शेळ्यासुद्धा नाइलाजाने चरत. त्यामुळे तोफेचं तोंड समुद्राकडे होतं हे खरं, पण तोंड आणि समुद्र यांच्या मधे चॅपेल, वार्फ स्ट्रीट आणि एकूण पोर्ट मेरिडन होतं.

चोवीस मे हा राणीसाहेबांचा वाढदिवस. दुपारी बाराला एकवीस बारांची सलामी. गोळा नाही, नुसती बारूद. पहिल्याच वर्षी तिसऱ्या बाराला वार्फ स्ट्रीटच्या काचा गेल्या आणि दहाव्यानंतर जायला काही शिल्लक उरलं नाही. कॅप्टन टेकडीवर धुरात उभे, कानांना दडे बसलेले, डोळे समुद्रावर. तोफखान्याचा माणूस गावाकडे पाहत नाही. शत्रू गावातून येत नाही.

ते घरी आले तेव्हा त्यांची बायको केझाया स्वयंपाकघरात काचांच्या ढिगात केरसुणी घेऊन उभी होती. तिच्या जिभेवर त्या वेळी जे काही तयार होतं ते मेथडिस्ट बाईच्या जिभेवर असायला नको होतं. पण तिने दारातल्या नवऱ्याकडे पाहिलं. जन्मभर पिंपांवर हातोडा मारलेला माणूस. आज पहिल्यांदा चार माणसांनी त्याला सॅल्यूट ठोकला होता आणि त्याचा चेहरा पाच वर्षांच्या पोरासारखा लालबुंद झाला होता.

"हे काय झालं?" त्यांनी विचारलं.

"गारा," केझाया म्हणाली.

"केवढ्या?"

"अंड्याएवढ्या."

नगराध्यक्ष या नात्याने कॅप्टननी त्याच संध्याकाळी सभा बोलावली आणि गारपीटग्रस्तांना मदत मंजूर केली. गावाने ती निमूट घेतली. आता, ज्या गावाने गारपिटीची मदत घेतली ते गाव गारा पडल्याच नाहीत असं कुठल्या तोंडाने म्हणणार?

पुढच्या वर्षी तेवीस मेला केझाया पेचकस घेऊन घरोघर फिरली. तेव्हापासून पोर्ट मेरिडनची रीतच पडली. वाढदिवसाच्या आदल्या संध्याकाळी खिडक्यांच्या काचा चौकटीसकट काढायच्या, गोधड्यांत गुंडाळून पलंगावर निजवायच्या, सलामी संपली की परत बसवायच्या. कॅप्टनच्या घरी पडदे ओढलेले असत, आणि त्या दिवसांत त्यांचे डोळे समुद्र आणि बारूद सोडून कुठे जात नसत. गावात नवीन बिऱ्हाड आलं की त्याला आधी विहीर दाखवत, मग पेचकस. आणि दरवर्षी सलामीनंतरच्या जेवणात कॅप्टन उभे राहून म्हणत, "एकवीस बार, आणि गावातली एक काच तडकली नाही! बारूद किती भरायची हे कळायला हात लागतो, हात!" गाव टाळ्या वाजवत असे, अंगात कोट घालून, कारण इकडे मे म्हणजे हिवाळ्याचं तोंड आणि काचा अजून पलंगावर असत.

केझाया जाऊन तीन वर्षं झाली. ती गेली त्या वर्षी तिची मुलगी डॉर्कस तेवीस तारखेला आईचा पेचकस घेऊन घराबाहेर पडली, तर वार्फ स्ट्रीटवर एकाही खिडकीत काच नव्हती. कुणाला सांगावं लागलं नव्हतं. डॉर्कस तशीच घरी परतली आणि सबंध संध्याकाळ पेचकस मांडीवर घेऊन बसून राहिली.

तर, चॅपेलच्या नव्या खिडकीचा घोटाळा झाला तो असा.

केझायाच्या स्मरणार्थ चॅपेलमध्ये रंगीत काचांची खिडकी बसवायची, ही कल्पना सूनबाईंची, ऑगस्टाची. त्या राजधानीतून आलेल्या, त्यांना अशा कल्पना सुचत. त्यांचे यजमान, म्हणजे डॉर्कसचा धाकटा भाऊ एनोक, हल्ली नगराध्यक्ष. त्याने मान डोलावली, कारण नगराध्यक्षाचं आणि नवऱ्याचं काम एकच असतं. चित्र ठरलं बायबलमधल्या रूथचं, शेतात कणसं वेचणारी, केस केझायासारखे तांबडे. खिडकी समितीचे अध्यक्ष खुद्द कॅप्टन. वर्षभर समिती बसली, रूथच्या केसांवर भांडली, कणसांच्या संख्येवर भांडली. कॅप्टन सोडून समितीतल्या प्रत्येकाने त्याच वर्षी स्वतःच्या घरच्या काचा हाताने काढल्या होत्या. पण ही काच नव्हती ना. ही कला होती.

मेमधल्या त्या रविवारी प्रार्थना संपल्यावर सगळे पडद्याआड डोकावून खिडकी बघत होते. शहरातला कारागीर आदल्याच दिवशी काम पुरं करून गेला होता. "सुरेख," पाद्री टिपेट म्हणाले. "सुरेख," ऑगस्टा म्हणाली. शेजारच्या हॉकिंगबाईंनी चौकटीवरून बोट फिरवलं, एकदा वर, एकदा खाली, आणि विचारलं, "पण ही निघते कुठून?"

चॅपेलमध्ये इतकी शांतता प्रवचनाच्या वेळीसुद्धा होत नसे.

ती निघत नव्हती. शिशात जोडलेली, भोवती सिमेंट. टेकडीवरच्या तोफेच्या तोंडापासून ती हाकेच्या अंतरावर होती, आणि गुरुवारी चोवीस तारीख होती.

* * *

रविवारचं जेवण नेहमीप्रमाणे कॅप्टनच्या घरी होतं. भाजलेलं मटण, बटाटे आणि डॉर्कसने केलेला केशराचा केक. कॅप्टनचा डावा कान तोफेने केव्हाच नेला होता, त्यामुळे ट्रेव्हॉरोंच्या टेबलाला दोन बाजू होत्या. उजवीकडे बसायचं ते त्यांच्याशी बोलायला, डावीकडे बसायचं ते त्यांच्याबद्दल बोलायला. त्या दिवशी एनोक, ऑगस्टा आणि सार्जंट नूनन असे तिघेही डाव्या बाजूला दाटीवाटीने बसलेले डॉर्कसने पाहिले आणि ती काय ते समजली. नूनन आयरिश कॅथलिक. पण तोफखान्यात आणि मटणात तो धर्म आणत नसे.

"हे बघा," कॅप्टन म्हणाले. त्यांनी वाटलेल्या मोहरीचं भांडं पुढे ओढलं. "ही तोफ. हे मीठ म्हणजे चॅपेल. बाराच्या ठोक्याला पहिला बार. बार ऐकला की टिपेट दोरी सोडणार आणि बाहेरचा पडदा खाली. वरून मला दुर्बिणीतून दिसेल. आवाज आणि उजेड एकदम! केझायाला आवडलं असतं."

"आईला तोफेचा आवाज आवडत नसे, बाबा," उजवीकडून डॉर्कस म्हणाली.

"काय सांगतेस! दरवर्षी बाराला अंगणात येऊन उभी राहायची. मी विचारलं होतं तिला, तीच म्हणाली."

उभी राहायची हे खरं होतं. स्वयंपाकघराच्या खिडकीची चौकट हातात घेऊन उभी राहायची, कारण पलंग बाकीच्या काचांनी भरलेला असे.

डाव्या बाजूला ऑगस्टाने नवऱ्याला कोपर मारलं. "बोल ना."

"मी काय बोलू?" एनोक पुटपुटला. "नगराध्यक्ष म्हणून बोललो तर वाटेल मुलगा असून उलटला. मुलगा म्हणून बोललो तर वाटेल नगराध्यक्ष असून घाबरला."

"दोन्ही खरंच आहे. बोल."

एनोकने घसा साफ केला आणि आवाज चढवला. "बाबा! मी म्हणत होतो, यंदा बारूद जरा कमी भरली तर?"

"कमी?" कॅप्टननी काटा खाली ठेवला. "यंदा?" त्यांचा आवाज चढला नाही, उलट खाली आला, आणि म्हणून डॉर्कसला बरं वाटेना. "एनोक, सरकारचं पत्र तूच मला वाचून दाखवलंस. सगळ्या वसाहतींचं मिळून एक राष्ट्र होणार, त्याचं सैन्य वेगळं होणार, आणि त्या सैन्याला माझी तोफ नको आहे. ही शेवटची सलामी. तुझ्या आईच्या खिडकीची पहिली आणि माझी शेवटची. यात कमी कुठे करू? सांग, आईची करू का माझी?"

एनोकने बटाटा घेतला.

"नूनन!"

"साहेब!" नूनन घास गिळून उठायलाच लागला.

"पूर्ण बारूद. प्रत्येक पिशवी मी हातात घेऊन तोलणार."

"माहीत आहे साहेब. तुम्ही तर पाव्हण्यांच्या घरची केटलीसुद्धा तोलता."

कॅप्टन खूश झाले आणि केक मागितला.

जेवणानंतर ते खुर्चीत डुलकी घेऊ लागले, तेव्हा डावी बाजू सबंध उठून स्वयंपाकघरात आली. डॉर्कस भांडी विसळत होती.

"गाद्या बांधू या खिडकीवर," एनोक म्हणाला.

"आणि पडदा पडला की लोकांनी काय बघायचं, गादी?" ऑगस्टा म्हणाली. "तुझ्या आईचं स्मारक, कापसाची गादी, देणगीदार समस्त गावकरी!" मग ती डॉर्कसकडे वळली. "डॉर्कस, बारुदीच्या फ्लॅनेलच्या पिशव्या तुम्ही शिवता ना? टोपली तुमच्या खोलीत असते. भांडंभर पाणी. कुणाला कळणार नाही."

डॉर्कसने हातातली थाळी खाली ठेवली.

"तोफखान्याच्या माणसाची बारूद ओली निघणं म्हणजे काय, माहीत आहे तुला? पाद्री टिपेट रविवारी चॅपेलमध्ये विजार न घालता आले तर लोक एक वेळ विसरतील. हे विसरणार नाहीत. ज्या माणसाने तुझ्या नवऱ्याला शाळा दिली, गावाला पाणी दिलं, त्याला शेवटच्या दिवशी गावासमोर उघडा पाडू?"

"मिस डॉर्कस खरं बोलतात," नूनन म्हणाला. "आमच्यात ओल्या बारुदीपेक्षा मेलेला परवडतो."

"मग सांगून टाका त्यांना!" ऑगस्टाचा आवाज चिरकला. "एकदाच! बाबा, तुमच्या तोफेने काचा फुटतात. पाच शब्द आहेत."

"तू सांग मग," डॉर्कस म्हणाली. "खुर्चीत बसलेत. उजव्या बाजूने जा."

ऑगस्टा तरातरा दारापर्यंत गेली. दारातून तिला कॅप्टन दिसले. हनुवटी छातीवर, हातात अजून मोहरीचं भांडं. बराच वेळ ती पाठमोरी उभी राहिली. परत आली तेव्हा तिचं नाक लाल झालं होतं.

"मी लग्न होऊन आले ना इथे," ती म्हणाली, "ती तारीख तेवीस मे होती. सासूबाईंनी लग्नाचा केक कापायच्या आधी माझ्या हातात पेचकस दिला होता. मी त्याच रात्री आईला पत्र लिहिलं की मला वेड्यांच्या घरात दिलंय." तिने नाक पुसलं. "फुटू दे खिडकी. मी पुन्हा पैसे जमवीन."

"फुटू दे काय?" आता डॉर्कस उसळली. "आईची खिडकी आहे ती! तीस वर्षं तिने दुसऱ्यांच्या काचा सांभाळल्या, आणि तिचीच एक फुटू द्यायची? तीही बाबांच्या हाताने?"

"अहो, मघाशी तुम्हीच म्हणालात की..."

"मघाशी तू खिडकीच्या बाजूने होतीस!"

दोघी एकमेकींच्या जागी जाऊन बसल्या होत्या, आणि भांडण होतं तिथेच होतं. एनोकने दोघींचंही बरोबर आहे असं सांगून पाहिलं. नगरपालिकेत हे चालतं, स्वयंपाकघरात नाही.

शेवटी डॉर्कस म्हणाली, "मी सांगते. गुरुवारी वर जाताना. टोपली घेऊन मीच जाते त्यांच्याबरोबर. तोवर त्यांना चार दिवस असू देत."

* * *

गुरुवारी समुद्रावरून बोचरा वारा सुटला होता. वार्फ स्ट्रीटवरच्या खिडक्यांतून पडदे बाहेर येऊन फडफडत होते, आणि मंडळी आपापल्या घरात मफलर गुंडाळून बसली होती. कॅप्टन जुना गणवेश घालून निघाले. बटणं अजून लागत होती, फक्त मधलं एक सोडून, आणि त्यावर कंबरपट्टा येत असे. काखेत दुर्बीण, नजर समोर. डॉर्कस टोपली घेऊन मागे. तिने वाक्य तयार केलं होतं. चार दिवस तेच करत होती.

चढाच्या मध्यावर ती म्हणाली, "बाबा, एक सांगायचं होतं."

"वर पोचल्यावर. या चढावर श्वास एकाच कामाला पुरतो."

वर नूनन आणि चार तोफवाले ओळीत उभे होते. स्वयंसेवक म्हणून भरती झाले तेव्हा ते तरुण होते. आता त्यातल्या दोघांना मिळून चांगले गुडघे तीन. सॅल्यूट झाला. डॉर्कसने टोपली खाली ठेवली आणि वडिलांच्या उजव्या बाजूला आली.

"बाबा, त्या खिडक्या..."

"थांब. टिपेटने दोरी धरलीय का बघू दे." आणि कॅप्टननी दुर्बीण डोळ्याला लावून गावाकडे वळवली.

डॉर्कसच्या लक्षात आलं तेव्हा उशीर झाला होता. चौतीस वर्षांत ती दुर्बीण या टेकडीवरून कधी त्या दिशेला वळलीच नव्हती.

दुर्बीण आधी चॅपेलवर थांबली. मग किंचित डावीकडे सरकली, आणि थांबली. पुन्हा सरकली. डॉर्कसला दुर्बिणीची गरज नव्हती. एकेक घर तिला पाठ होतं. पाद्र्याचं घर, खिडक्यांच्या जागी भोकं. पोस्ट, भोकं. शाळा, भोकं, आणि आत कोट घातलेले मास्तर. हॉटेल, ज्याच्या पायाच्या दगडावर त्यांचं नाव नव्हतं, तेसुद्धा. हॉकिंगबाई दारात चौकट पोटाशी धरून उभ्या होत्या, आजारी वासरू धरावं तशा. सगळं गाव बारा वाजायची वाट बघत होतं, बोटं कानांच्या जवळ ठेवून.

दुर्बीण शेवटी त्यांच्या स्वतःच्या घरावर गेली. स्वयंपाकघराची खिडकी. डॉर्कसने ती काल काढून आईच्या गोधडीत गुंडाळली होती.

कॅप्टननी दुर्बीण खाली घेतली आणि बाहीने पुसली. पुसायला तिच्यावर काही नव्हतं.

"दरवर्षी?" ते म्हणाले.

"दरवर्षी."

"कुणी सुरू केलं?"

 डॉर्कसने तयार केलेल्या वाक्यात याचं उत्तर होतं, पण ते वाक्य आता कुठे गेलं होतं कुणास ठाऊक.

"अंड्याएवढ्या," कॅप्टन म्हणाले. मग दुर्बिणीच्या टोकाने चॅपेलकडे खूण केली. "आणि ती?"

"ती निघत नाही, बाबा. सिमेंटमध्ये आहे."

वाऱ्याने निशाण फडफडलं. मागून नूननचा आवाज आला, "साहेब, बारा वाजतच आले."

कॅप्टन टोपलीपाशी गेले. वाकायला त्यांना वेळ लागला. त्यांनी वरची पिशवी उचलली, तळहातावर तोलली, दोनदा, तीनदा. डॉर्कसने शिवलेले टाके त्यांनी अंगठ्याने चाचपले. आईने शिकवलेले टाके होते ते.

"नूनन," ते म्हणाले, "बारूद ओली आहे."

"नाही साहेब! कोरडी ठणठणीत आहे. भरायच्या आधी दोन रात्री उशाशी घेऊन झोपलो होतो."

"ओली आहे म्हणतो ना मी."

नूननने पिशवीकडे पाहिलं. मग साहेबांकडे. मग, बहुधा पहिल्यांदाच, खाली गावाकडे. त्याने टाचा जुळवल्या.

"ओली आहे, साहेब. चिंब."

"अहो, पण आत्ता तर..." चारातला एक तोफवाला म्हणाला, आणि नूननच्या बुटाखाली त्याचा पाय आल्यामुळे गप्प झाला.

"चूक माझी, साहेब," नूनन म्हणाला.

"तुझी कशी? बारूद जपणं कॅप्टनचं काम. नोंद माझ्या नावावर करायची."

खाली चॅपेलच्या घड्याळात बारा वाजले. आत ऑगस्टा डोळे मिटून, कानात बोटं घालून उभी होती आणि एनोकने तिचा हात धरला होता, असं नंतर हॉकिंगबाईंनी सगळ्या गावाला सांगितलं. म्हणजे त्याने तिचं कोपर धरलं असणार, कारण हात कानात होते. बाराचे ठोके संपले. काही झालं नाही. आणखी काही झालं नाही. गावाला ही शांतता सोसवेना. एकदोघं तर काहीच नसताना दचकली.

टेकडीवर कॅप्टननी तोफ पुसायचा लांब दांडा उचलला. त्याच्या लोकरी बोंडावर स्वतःची टोपी अडकवली आणि दोन्ही हातांनी आडवी तिडवी हलवली, बुडणारा माणूस हलवतो तशी. पाद्री टिपेटनी वर पाहिलं, शंभर विचार केले, आणि दोरी सोडली. पडदा पडला. एकाही काचेला काही झालं नाही.

 उतरून कॅप्टन चॅपेलच्या पायरीवर थांबले आणि वळले. सगळं गाव जमलं होतं.

"लोकहो, सलामी झाली नाही. बारूद ओली होती. जबाबदारी माझी."

चौतीस वर्षं त्यांच्या पाठीमागे हसलेलं गाव होतं ते. त्या दिवशी कुणी हसलं नाही. सगळ्यांनी आपापल्या बुटांकडे पाहिलं. शेवटी हॉकिंगबाई म्हणाल्या, "होतं असं, कॅप्टन. हवाच दमट आहे."

"दमट आहे खरी," कॅप्टन म्हणाले. "पण गावात खेळते छान." ते पुढे झाले आणि त्यांनी हॉकिंगबाईंच्या हातातल्या चौकटीचं दुसरं टोक धरलं. "कुठे बसते ही? पुढे की मागे?"

"पुढे," हॉकिंगबाई म्हणाल्या. 

कॅप्टननी चौकट बसवली, पाचर हाताने ठोकली, पिंपवाल्याच्या हाताने, आणि शेजारच्या घराकडे गेले. तिथलीही बसवली. मग पुढच्या. एनोक पेचकस घेऊन त्यांच्यामागून फिरला. नगराध्यक्ष म्हणून की मुलगा म्हणून, हे त्याला कुणी विचारलं नाही. ऑगस्टा गोधड्यांच्या घड्या करत गेली.

दुपार कलली तेव्हा कॅप्टन चॅपेलमध्ये येऊन पहिल्या बाकावर बसले. डॉर्कस त्यांच्या उजव्या बाजूला बसली. आभाळ भरलेलं होतं, तरी रूथच्या तांबड्या केसांतून थोडा उजेड येत होता.

"नाक चुकलंय," कॅप्टन म्हणाले.

"हो."

"बाकी बरी आहे." मग म्हणाले, "मला सांगायला हवं होतं तिने."

"तुम्ही ऐकलं असतं?"

कॅप्टननी प्रामाणिकपणे विचार केला. "नसतं," ते म्हणाले.

रात्रीच्या जेवणात त्यांनी भाषण केलं नाही. मोहरी मागितली. ऑगस्टा त्या दिवशी उजव्या बाजूला बसली होती, तिने दिली.

तोफखाना जूनमध्ये मोडला. त्याच्या शेवटच्या नोंदीत कॅप्टन ट्रेव्हॉरोंच्या नावापुढे ओली बारूद एवढंच लिहिलेलं आहे.

त्या वर्षी नोव्हेंबरात पोर्ट मेरिडनला खरोखरीच गारा पडल्या. वाटाण्याएवढ्या होत्या. चॅपेलची नवी खिडकी फुटली. बाकी गावात एकही काच तडकली नाही.